ओटीचे तांदूळ

तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि सुष्मिताच्या बोटांना डबा लागला.

बाहेरच्या खोलीत तिला बघायला आलेले पाहुणे बसले होते. मुलाच्या आईची ओटी भरायची म्हणून अव्वानं, तिच्या आईनं, तिला तांदूळ काढायला सांगितलं होतं. पिंपात वरवर सगळी कणीच दिसत होती. ओटीला अख्खा तांदूळ लागतो, म्हणून तिनं इरकलीचा पदर कमरेला खोचला, बांगड्या वर सारल्या आणि तळातली ओंजळ काढायला हात खुपसला. वर आला तो स्टीलचा चपटा डबा. झाकणावर वाघाचं स्टिकर होतं, एका बाजूनं सोललेलं. हा संगमेशच्या, तिच्या धाकट्या भावाच्या गोळ्यांचा डबा होता. तो या वेळी कुरुंदवाडला गंगव्वा मावशीच्या घरी त्याच्या उशाशी असायला हवा होता.

तिनं झाकण उघडलं. आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, भरलेल्या.

अव्वा ओट्याशी उभी राहून पोह्यांवर खोबरं पसरत होती. सुष्मितानं डबा तिच्यासमोर धरला. अव्वानं तो पाहिला आणि पुन्हा खोबरं पसरायला लागली. पसरून झालेल्या ताटलीवरच पुन्हा पसरायला लागली.

कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेतल्या त्या घरात पाहुणे बघायला येणार म्हटलं की आवराआवर सुरू व्हायची. लोक पसारा आवरतात. या घरात संगमेशला आवरायचे. त्याची चाकांची खुर्ची शेजारच्यांच्या जिन्याखाली जायची. पायाला रात्री बांधायचे पट्टे माळ्यावर जायचे. खुर्ची चढवायला दाराशी केलेला सिमेंटचा उतार काही उचलून नेता येत नव्हता, तर त्याच्यावर तुळशीच्या कुंड्या मांडायच्या आणि कुणी विचारलंच तर स्कूटर चढवायला केलाय म्हणून सांगायचं. आणि खुद्द संगमेशला रिक्षात घालून मावशीकडं पाठवायचं. याआधी दोन ठिकाणची बोलणी त्याला बघून मोडली होती. तिसऱ्या खेपेपासून अव्वानं ही युक्ती सुरू केली, आणि सुष्मिताच्या वडिलांनी, आप्पांनी, नेहमीप्रमाणे ऐकू न आल्यासारखं केलं. आप्पा गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. तिथं दिवसभर सौदे ऐकून त्यांचे कान घरी आल्यावर बंद पडायचे.

सुष्मितानं पहिल्या वेळी भांडून पाहिलं होतं. ती एस.टी.त कंडक्टर. रोज शे-दोनशे माणसांशी हुज्जत घालणारी बाई. पण घरी भांडण काढलं की संगमेशच मध्ये पडायचा. जाऊ दे की अक्का, मला काय, मावशीकडं मासं मिळत्यात, असं म्हणून हसायचा. घरात लिंगायताचं सोवळं आणि हा मावशीच्या शेजारणीकडं चोरून मासे खाणारा. त्याच्या हसण्यावर सगळं निभावून जायचं. सगळ्यात जास्त राग सुष्मिताला त्या हसण्याचाच यायचा.

लहानपणी त्याच्या पोटऱ्या अशा भरलेल्या होत्या की पेठेतली म्हातारी माणसं त्या दाबून बघायची आणि हा पोरगा पैलवान होणार म्हणायची. तालमीत घाला म्हणायची. पोरगं जिना चढताना गुडघ्यावर हात टेकतंय, बसल्या जागेवरनं उठताना स्वतःच्याच मांड्यांवरनं चढत आल्यासारखं उठतंय, हे कुणाला दिसलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी दाखवून दिलं तेव्हा दिसलं. स्नायू झिजत जाण्याचा आजार. सातव्या वर्षापासून त्याला स्टेरॉइडची गोळी सुरू झाली. या गोळीनं आजार बरा होणार नाही, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण चालणं, हात, श्वास, जे जितकं टिकेल तितकं ती टिकवते. तिच्यापायी तोंड फुगेल, उंची खुंटेल, भूक वाढेल, हाडं ठिसूळ होतील, डोळे तपासत राहावे लागतील. मीठ-साखर हात राखून द्या, सकाळी पोटात काहीतरी गेल्यावरच गोळी द्या.

आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली होती. तेव्हा सुष्मिता अव्वाच्या शेजारीच बसली होती. ही गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. आपलं शरीर रोज थोडं स्टेरॉइड स्वतःच बनवत असतं. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर ते बनवायचं सोडून देतं. मग बाहेरचंही बंद झालं तर रक्तदाब पडतो, साखर पडते, माणूस दगावतो. उलट्या होऊन गोळी पोटात राहिना झाली तरी घरी थांबायचं नाही. दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं आणि स्टेरॉइड चालू आहे हे पहिलं सांगायचं. अव्वानं मान डोलावली होती. दोन्ही वेळेला डोलावली होती.

"ह्यो डबा हितं कसा?" सुष्मितानं आवाज दाबून विचारलं.

अव्वाही कुजबुजतच बोलली. शनिवारी सकाळीच पाठवताना शनिवार-रविवारच्या दोन गोळ्या कागदात बांधून दिल्या होत्या. एका रात्रीचाच तर प्रश्न होता. डबा घरात ठेवला, पाहुण्यांतली एखादी बाई पाणी प्यायला आत आली तर फळीवर दिसू नये म्हणून पिंपात घातला. मग पाहुण्यांचाच निरोप आला की रविवारी जमत नाही, गुरुवारी येतो. संगमेशला आणून परत पाठवायचं म्हणजे परत रिक्षा, परत गल्लीभर तमाशा. राहिला तिकडंच.

"आणि गोळ्या?"

"गंगव्वाचा फोन आलता, संपल्या म्हणून," अव्वा म्हणाली. "म्हटलं आसू दे चार दिस. तेवढीच तोंडाची सूज उतरंल त्याच्या. तुझं जमलं तर साखरपुड्याचं फोटो निघत्यात. पोरगं सगळ्यांत दिसायला नको व्हय माणसासारखं?"

सुष्मिताला ती पोह्यांची कढई उचलून भिंतीवर आपटावी असं वाटलं. या आईनं त्या पोराला पाठीवर घेऊन जिने चढवले होते, त्याच्या जेवणातलं मीठ बेतून घातलं होतं, त्याच्यासाठी घरातलं लोणचं-पापड बंद केलं होतं. आणि फोटोत तोंड बारीक दिसावं म्हणून तिनं त्याची गोळी तांदळात पुरली होती. बरं, रोज संध्याकाळी डेपोतून फोन करून सुष्मिता त्याला विचारत होती, गोळी घेतलीस का. आणि तो रोज व्हय म्हणत होता.

तिनं फोन उचलला. स्वयंपाकघरात रेंज मिळायची नाही. फोन करायचा तर बाहेरच्या खोलीत, खिडकीशीच उभं राहावं लागायचं.

बाहेर चौघं होते. सतरंजी घातलेल्या पलंगावर मुलगा, शिरोलीच्या फाउंड्रीत सुपरवायझर. त्याच्याशेजारी त्याची आई. खुर्चीत त्याचे चुलते इराप्पा, बोलणं सगळं त्यांच्याकडं. आणि समोर हात जोडल्यासारखे बसलेले आप्पा. मुलगी पोह्यांचा ट्रे न घेता हातात फोन घेऊन आली म्हटल्यावर इराप्पांचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. सुष्मितानं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. ती खिडकीशी गेली आणि मावशीला फोन लावला.

मावशी आधी सगळं बरं आहे म्हणाली. मग हळूहळू खरं बाहेर आलं. काल दुपारपासून त्याचं पोट दुखत होतं. आज सकाळपासून उलट्या सुरू झाल्या. दृष्ट काढली, लिंबूपाणी पाजलं, तेही ठरलं नाही. मग समोरच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. आता झोपलाय. हाक मारली की डोळे उघडतो आणि परत मिटतो. हातपाय गार लागतायत.

"डॉक्टरला गोळ्यांचं सांगिटलंस?"

मावशी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "त्यांनी इचारलं, काय औषध चालू हाय का. म्या न्हाई म्हटलं. तिथला कंपौंडर पावण्यांच्या आत्तीचा ल्योक हाय की. तुझ्या अव्वानंच सांगिटलंतं, कुरुंदवाडात कुणाजवळ बोलायचं न्हाय."

खिडकीबाहेर कुंड्यांतल्या तुळशी उन्हात उभ्या होत्या. खोलीत पंखा फिरत होता. सुष्मिताच्या मागं चार माणसं तिचं बोलणं ऐकत होती, हे तिला कळत होतं. हळू बोलता आलं असतं. बोळात जाऊनही बोलता आलं असतं; पण बोळात आवाज तुटायचा, आणि आता एक शब्दही तुटून चालणार नव्हता. ती कंडक्टरच्या आवाजात बोलायला लागली.

"मावशी, फोन हातात धर आणि पळत समोर जा. डॉक्टरांच्या हातात दे. चप्पल शोधू नको."

मावशीचा श्वास, कुत्रं, मोटारसायकल, मग डॉक्टरांचा आवाज. तरुण माणूस होता. सुष्मितानं एका दमात सांगितलं की पेशंटला रोजचं स्टेरॉइड आहे, ते बंद पडलंय आणि आता उलट्या होतायत. पलीकडून डॉक्टर कुणाला तरी इंजेक्शनचा ट्रे घेऊन पुढं पळायला सांगताना ऐकू आले, आणि चालता चालताच ते एकेक विचारत गेले. लाइन खराब होती. प्रत्येक उत्तर तिला मोठ्यानं द्यावं लागलं.

"मस्क्युलर डिस्ट्रॉफी. होय. ड्युशेन म्हणतात तो." मागं खुर्ची करकरली. "माझा सख्खा भाऊ. एकोणीस पूर्ण. नाही, चालत नाही, खुर्चीवर असतो." तिनं डबा उघडून पट्टीवरचं गोळीचं नाव वाचून दाखवलं, किती मिलिग्रॅम ते वाचून दाखवलं. "सातव्या वर्षापासून. रोज सकाळी. हृदयाची एक गोळी आहे, ती पण ह्याच डब्यात आहे. म्हणजे ती पण गेली नाही."

मग डॉक्टरांनी विचारलं की शेवटची गोळी नक्की कधी घेतली.

सुष्मिता वळली. स्वयंपाकघराच्या दारात अव्वा पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. डोक्यावरचा पदर नीट, कपाळाला विभूती, ट्रेमध्ये ताटल्या. खोलीतले सगळे तिच्याकडं पाहत होते.

"अव्वा, संगूला शेवटची गोळी कधी गेली?"

अव्वा ट्रे घेऊन पलंगाकडं एक पाऊल आली.

"डॉक्टर थांबलेत. कधी गेली?"

"आयतवारी सकाळी," अव्वा जमिनीकडं बघत म्हणाली.

"रविवारी सकाळी," सुष्मितानं फोनमध्ये सांगितलं. "नंतर एकही नाही. आमच्या घरच्यांनी बंद केली. तोंड फुगतं म्हणून."

डॉक्टर म्हणाले, हे सकाळी मला का सांगितलं नाही. तिच्याकडं उत्तर होतं, आणि ते उत्तर पलंगावर बसलेलं होतं. पण डॉक्टरांनी त्यासाठी वेळ घालवला नाही. इंजेक्शन माझ्याकडं आहे, आत्ता देतो, सलाइन लावतो आणि अॅम्ब्युलन्समध्ये घालून मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात पाठवतो, तुम्ही तिकडंच या, असं सांगून त्यांनी फोन मावशीकडं दिला. मावशी रडत होती. सुष्मितानं तिला आजार आणि गोळ्या लिहिलेलं डॉक्टरांचं कार्ड संगमेशच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे, ते काढून त्याच्या खिशात घाल म्हणून सांगितलं. लपवायच्या सामानात तेवढं एक कार्ड अव्वाच्या नजरेतून सुटलं होतं.

फोन बंद झाला. मग इराप्पांनी घसा साफ केला. ही भानगड आमच्या कानावर घातली न्हाई, ते आप्पांना म्हणाले. आप्पांनी जोडलेले हात आणखी घट्ट जोडले. इराप्पांनी मग सुष्मिताकडं वळून विचारलं, ह्ये असलं पोरींत बी येतंय म्हणं.

"येऊ शकतंय," सुष्मिता म्हणाली. "माझ्यात हाय का न्हाय, म्हाईत न्हाय. तपासणी करायची हाय. करीन आणि जे निघंल ते तोंडावर सांगीन. आत्ता तुमची गाडी हाय का भाईर?"

"हाय की. का?"

"मिरजेला जायचं हाय. भाऊ मराया लागलाय माझा."

मुलानं चुलत्याकडं पाहिलं. तो उठायच्या बेतात होता, असं सुष्मिताला नंतरही वाटत राहिलं. पण इराप्पांना गडहिंग्लजला दुसरीकडं पोचायचं होतं, वेळ दिलेली होती, माणसं खोळंबली असती. सगळे उठले. अव्वानं ट्रे खाली ठेवला, आणि या सगळ्या धूळधाणीतही ताम्हनात तांदूळ आणि नारळ घेऊन ती मुलाच्या आईपुढं जाऊन उभी राहिली. ती बाई वाईट नसावी. तिनं अव्वाच्या दंडाला हात लावला, ऱ्हाऊ द्या आता, पुढच्या खेपंला बघू, असं म्हणाली आणि पदर न पसरताच बाजूनं निघून गेली. अव्वा ताम्हन घेऊन तशीच उभी राहिली. सुष्मितानं ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि तांदूळ पिंपात परत ओतले.

स्टँडवर मिरजेची गाडी लागलेली होती. कंडक्टर कृष्णात तिच्याच डेपोतला. इरकल नेसून, गजरा माळून आलेली सुष्मिता बघून तो थट्टा करणार होता, पण तोंड बघून गप्प बसला आणि पुढची जागा रिकामी करून दिली. आप्पा मागं कुठंतरी बसले. अव्वा तिच्याशेजारी बसली. ये म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी पंचगंगेचा पूल ओलांडून गेली, शिरोली गेली, हातकणंगले आलं. सुष्मितानं गजरा काढून खिडकीतून टाकला. बाजूला ऊस मागं पळत होता आणि तिच्या डोक्यात संतापाशिवाय काही नव्हतं. पाहुण्यांचा संताप तर थोडाच. ते परके. खरा संताप अव्वाचा, मावशीचा, आप्पांचा, व्हय व्हय म्हणणाऱ्या त्या गाढवाचा. गावभर लोकांची तोंडं चकचकीत करून देणारा तिचा भाऊ. कोल्हापुरात कुणाचा वाढदिवस फ्लेक्सच्या बोर्डाशिवाय जात नाही, आणि पेठेतले अर्धे बोर्ड संगमेशच्या लॅपटॉपवर तयार व्हायचे. मांडीवर फळी, फळीवर लॅपटॉप. कुणाचे खड्डे बुजव, कुणाच्या मिशा दाट कर, कुणाला दोन शेड गोरं कर. चौकाचौकात ती तोंडं टांगलेली असायची. आणि त्याच्या स्वतःच्या तोंडासाठी या घरात जागा नव्हती.

हातकणंगले मागं पडल्यावर अव्वा बोलली. हळू, खिडकीकडं तोंड करून. संगूचा आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आईकडून मुलाकडं येतो. ते सासूनं ऐकलं. त्या दिवसापासून सासू जाईपर्यंत एकच ऐकलं, तुझ्या रगतातनं आलं. आल्यागेल्यासमोर ऐकलं. त्या आजाराचं नाव तोंडावाटे काढायचं म्हटलं की अजून जीभ वळत नाही.

"माझ्याकडनं आलं पोरी त्ये. म्या काय करू?"

"तुझ्याकडनं आलं, त्यात तुझा दोष न्हाय," सुष्मिता म्हणाली. "गोळ्या तांदळात पुरल्यास, त्यो हाय."

त्यानंतर मिरज येईपर्यंत दोघी बोलल्या नाहीत. अव्वा पदरात तोंड घालून रडत होती, आणि सुष्मितानं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावा असं तिला एकदाही वाटलं नाही.

संगमेश संध्याकाळी शुद्धीवर आला. कुरुंदवाडच्या डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन वेळेवर पडलं, असं वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणखी दोन-तीन तास गेले असते तर सांगता आलं नसतं. आता काही दिवस डोस वाढवून द्यायचा, मग हळूहळू पहिल्यावर आणायचा. मग त्यांनी तिघांनाही समोर उभं करून तेच सगळं पुन्हा सांगितलं, जे बारा वर्षांपूर्वी सांगून झालं होतं. तोंडाची सूज फारच नकोशी झाली तर आमच्याकडं या, डोस बदलता येतो, गोळी बदलता येते, पण ते आम्ही करायचं. आणि ताप, उलटी, मोडतोड, ऑपरेशन, काहीही झालं तरी समोरच्या डॉक्टराला स्टेरॉइडचं पहिलं सांगायचं. या वेळी आप्पांनी ऐकलं असावं. ते भिंतीला धरून खाली बसले.

सुष्मिता कॉटजवळ गेली. संगमेशच्या ओठांना सालपटं आली होती. तोंडाची सूज जराही उतरलेली नव्हती.

"बघून गेली?" त्यानं विचारलं.

"गेली."

"पसंत?"

"मला न्हाय पसंत."

तो हसायला लागला. तिनं त्याला हसू नको म्हणून सांगितलं. खरंच सांगितलं, दात आवळून. मग विचारलं की गोळ्या नव्हत्या तर रोज खोटं का बोललास.

"तू आली असतीस लगेच गाडी घेऊन. परत सगळं मोडलं असतं. म्हटलं गुरुवारपतोर काडू कसं तरी," तो म्हणाला. "माझ्यामुळं दोन मोडलीत अक्का. तिसरं तरी माझ्यापायी मोडाया नको म्हटलं."

तिला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. जीव देऊन तो तिचं लग्न जमवायला निघाला होता. आणि ही अक्कल त्याला कुणी शिकवली, तर दर वेळी रिक्षात घालून पाठवणाऱ्या घरानं. ती वॉर्डाबाहेर गेली, नळावर तोंड धुतलं, परत धुतलं आणि परत येऊन त्याच्या पायाशी बसली.

वाचला, एवढं खरं. पण उलटी छातीत गेली होती, त्यातून कफ झाला, आणि पंधरवडाभर त्याला पडून राहावं लागलं. घरी आल्यावर पहिल्या सकाळी त्यानं चहाचा पेला उचलला आणि पेला छातीपर्यंत येऊन थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा तिथंच थांबला. व्यायाम शिकवणारा मुलगा येत राहिला, पण उजवा हात तोंडापर्यंत गेला नाही; डावा आधीच गेला होता. बोटं चालत होती. हात कुणीतरी उचलून फळीवर ठेवला की माउस फिरवता यायचा, बोर्ड करता यायचे. जेवण मात्र भरवावं लागायला लागलं. सुष्मितानं डॉक्टरांना विचारलं, हे त्या चार दिवसांमुळं झालं का. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ते सांगता येत नाही. आजार पुढं सरकतच असतो. कदाचित गेलाच असता हात. कदाचित अजून वर्षभर टिकला असता.

ते वर्ष सुष्मिताच्या मनातून गेलं नाही. वर्षभर त्यानं आपल्या हातानं भाकरी मोडून खाल्ली असती. गाडीत तिकिटं फाडताना, सुट्ट्यावरून भांडताना तिला ते मध्येच आठवायचं, आणि समोरच्या प्रवाशाला उगाच दोन शब्द जास्त ऐकावे लागायचे.

पावसाळा सरता सरता कागलहून एक स्थळ आलं. सुष्मितानं अट घातली नाही, भांडली नाही, काहीच बोलली नाही. बघू आता काय करताय, एवढंच मनात ठेवून ती त्या दिवशी पहाटेची एक फेरी करून सकाळी खाकीतच घरी आली. दारातल्या कुंड्या उतारावरून बाजूला काढून ठेवलेल्या होत्या. आप्पांनी काढल्या होत्या, त्यांच्या धोतराला माती लागलेली होती. बाहेरच्या खोलीत खिडकीशी चाकांची खुर्ची होती आणि खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घातलेला संगमेश होता. पाहुणे आधीच येऊन बसले होते. मुलगा, त्याची आई आणि एक म्हातारी आत्या.

अव्वा आतून दूध-भाकरी घेऊन आली. पाहुण्यांसमोर स्टूल ओढून बसली आणि त्याला चार घास भरवले. मग टीव्हीशेजारच्या फळीवरचा स्टीलचा डबा काढून त्यातली गोळी काढली. म्हाताऱ्या आत्यांना राहवलं नाही. कसलं औषध वो, त्यांनी विचारलं.

अव्वाचा हात थांबला. सुष्मिता दारातच उभी राहिली. तिनं मदत केली नाही.

"मस्क्युलर," अव्वा म्हणाली, आणि थांबली. "मस्क्युलर डिस्ट्रॉफी. स्नायूचा आजार हाय माझ्या ल्योकाला. माझ्याकडनं आलाय. ही स्टेरॉइडची गोळी. रोज लागती. बंद करून चालत न्हाय."

मग तिनं गोळी त्याच्या जिभेवर ठेवली. संगमेशचा उजवा हात फळीवरून बोटभर उचलला गेला, सवयीनं, पेला घ्यायला, आणि परत फळीवर पडला. अव्वानं पेला त्याच्या ओठाला लावला, दुसरा हात हनुवटीखाली धरला. पाणी गळलं ते पदरानं टिपलं. पाहुणे बघत होते. तिनं घाई केली नाही.

"सुष्मे," ती मान न वळवता म्हणाली, "ओटीला तांदूळ काड."

सुष्मिता आत गेली. बूट न काढताच पिंपाशी वाकली आणि खाकीची बाही वर सारून हात घातला. वरचेच तांदूळ चांगले होते, अख्खे होते. तरी तिनं हात तळापर्यंत नेला आणि तळ सगळ्या बाजूंनी चाचपून पाहिला. तांदळाशिवाय तिथं काही नव्हतं. मग तिनं ओंजळ भरून घेतली.